गरम पाण्याचे अंतर्गत नळकाम (कोकण किनारपट्टी)

घराच्या भिंतींत, छतात किंवा माळ्यावरून गरम पाण्याचे नळ नेणे, त्यांना आधार देणे आणि ते झाकणे या कामास ही संज्ञा लावतात. थंड देशांत अशा नळांचे मुख्य काम खोली उबदार ठेवणे हे असते. गिलाव्यात किंवा काँक्रीटमध्ये बारीक नळ पुरून खोली तापवण्याची आधुनिक पद्धत इंग्लंडमध्ये आर्थर बार्कर यांनी १९०७-०८ च्या सुमारास पुढे आणली. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर खोली तापवण्याची गरज पडत नाही. येथील नळांतून जाते ते आंघोळीचे आणि क्वचित स्वयंपाकघरातले पाणी. मात्र नळ तापला की लांबतो व निवला की आखडतो, हे दोन्हीकडे सारखेच असल्याने आधार देण्याचे तत्त्वही एकच राहते. कोकणात त्याखेरीज जांभ्याची भिंत, खारा वारा आणि चार महिन्यांची ओल यांचा विचार करावा लागतो.

शब्दविचार : संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’ आणि मराठी ‘ऊन’ ही परंपरा निर्विवाद आहे. ऊन पाणी, ऊन भात हे प्रयोग तीतलेच. दापोली तालुक्यातील उन्हवरे आणि राजापूरजवळचे उन्हाळे या गरम झऱ्यांच्या गावांची नावेही याच शब्दाशी जोडली जातात. ‘बंब’ या शब्दाची व्युत्पत्ती मात्र वादाची आहे. मराठीत बंब दोन : आग विझवणारा आणि पाणी तापवणारा. पहिल्याचा संबंध पोर्तुगीज ‘बोंबा’ (पंप) या शब्दाशी लावतात. वसई १७३९ पर्यंत आणि चौल-रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे असल्याने शब्द किनाऱ्यावरून आत आला असावा, हे संभाव्य वाटते. अडचण दुसऱ्या अर्थाची आहे. पाणी तापवण्याच्या बंबात पंप नसतो. तांब्याच्या किंवा पितळेच्या उभ्या नळकांड्याच्या मधोमध जाळाची नळी, खाली निखारे आणि कडेला तोटी, एवढीच त्याची रचना. आग विझवण्याच्या यंत्रावरील धातूच्या उभ्या पिंपाशी असलेल्या साम्यावरून नाव सरकले असावे, हे एक मत; पाणी उकळताना होणाऱ्या आवाजावरून ते पडले, असेही म्हणता येते. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, कारण आवाजावरून पडलेल्या नावाने आगीच्या बंबाचा उलगडा होत नाही.

पूर्वस्थिती : न्हाणीतील चुलाण, त्यावरचा हंडा किंवा कोपऱ्यातला बंब ही जुनी सोय. पाणी तापे तिथेच ते वापरले जाई, त्यामुळे गरम पाण्याच्या नळाची गरजच नव्हती. विजेच्या गिझरनेही हे अंतर फारसे वाढवले नाही. छपरावर सौर बंब आल्यापासून मात्र टाकी गच्चीवर आणि न्हाणी तळमजल्यावर अशी स्थिती झाली व दहा-पंधरा मीटर नळ घरातून न्यावा लागू लागला. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारे प्लास्टिक) नळात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी राहते. म्हणजे पंधरा मीटरच्या मार्गात जवळजवळ चार लिटर निवलेले पाणी आधी सोडून द्यावे लागते. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात अशा गावांत हा तोटा लहान नाही. नळाचा मार्ग जवळचा असावा आणि त्यावर नायट्राईल रबराचे वेष्टन असावे, हा आग्रह त्यासाठीच धरला जातो.

भिंत व झिरी : नळ पुरण्यासाठी भिंतीत पाडलेल्या खाचेला गवंडी व प्लंबर ‘झिरी’ म्हणतात. किनाऱ्यावरील बहुसंख्य जुनी व अनेक नवी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची आहेत. या दगडाला ‘लॅटराइट’ हे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीत ओला असताना तो पहारीने कापता येतो आणि हवा लागली की कठीण होतो, या गुणावर हे नाव बेतलेले आहे. कोकणातील सखल पट्ट्यातला जांभा जागच्या जागी खडक कुजून झाला की वरच्या पठारांवरून वाहून आलेल्या मालापासून पुन्हा घट्ट झाला, यावर भूवैज्ञानिकांत जुना मतभेद आहे. दोन्ही प्रकार सापडत असल्याने एकच उत्तर सगळ्या किनाऱ्याला लावणे योग्य दिसत नाही. नळकामाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की चिऱ्याचे बाहेरचे कवच टणक आणि आतला भाग पोकळ्यांनी भरलेला, मऊ, पाणी शोषणारा असतो. त्यात झिरी मारताना कटरचे पाते आधी अडते, मग एकदम आत जाते. छिन्नीच्या एका घावाला लाल-पिवळा चुरा ओंजळभर गळतो आणि बोटभर हवी असलेली खाच मूठभर होते. म्हणून दोन्ही कडा कटरने आखून घ्याव्यात आणि मधला भाग हलक्या हाताने काढावा. नुसत्या हातोड्याने झिरी फोडणे जांभ्याला मानवत नाही.

झिरीच्या खोलीची मर्यादा भारतीय मानक आयएस १९०५ मध्ये आहे. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक-षष्ठांशापेक्षा खोल नसावी. नऊ इंची (सुमारे २३० मिमी.) भिंतीसाठी हे माप उभ्या झिरीस साधारण ७५ मिमी. आणि आडवीस ३८ मिमी. येते. पाऊण इंची सीपीव्हीसी नळाचा बाहेरचा व्यास २२ मिमी.; त्यावर ९ मिमी. जाडीचे वेष्टन चढवले की एकूण ४० मिमी. होतात. सरळ अर्थ असा की वेष्टनासह गरम पाण्याचा नळ नऊ इंची भिंतीत आडवा बसतच नाही. प्रत्यक्षात काय होते? वेष्टन टाळले जाते किंवा झिरी खोल मारली जाते. पहिल्यात पाणी निवते, दुसऱ्यात भिंत कमजोर होते. आडवा प्रवास स्लॅबखालून किंवा माळ्यावरून करावा आणि भिंतीत नळ फक्त उभा उतरवावा, हीच रीत बरोबर आहे. काम थोडे वाढते, पण भिंत शाबूत राहते. आरसीसी खांब वा तुळईत झिरी मारू नये. नळ पलीकडे न्यायचाच असेल तर काँक्रीट ओतण्यापूर्वी मोठ्या व्यासाच्या नळीचा तुकडा आत ठेवून वाट राखावी.

नळाचे लांबणे : कोकणातील नळकामात सर्वाधिक दुर्लक्ष याकडेच होते. दहा मीटर लांबीचा नळ ३० अंश से. तापमानाला बसवला आणि त्यातून ६० अंशांचे पाणी गेले, तर सीपीव्हीसी सुमारे २० मिमी. लांबतो, तांबे ५ मिमी. आणि जीआय (जस्तलेपित लोखंड) ३.५ मिमी.च्या आसपास. पीपीआर (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) नळ सीपीव्हीसीच्या दुपटीहून अधिक लांबतो. बंद घरांत हा फरक आणखी वाढतो. चाकरमानी मुंबईला गेल्यावर घराला कुलूप लागते, पण गच्चीवरचा सौर बंब पाणी तापवतच राहतो. मे महिन्यात घर उघडून पहिली तोटी सोडली की बऱ्याच दिवसांचे साठलेले, ८० अंशांच्या घरातले पाणी थंड नळात एकदम शिरते. भिंतीतून टकटक असा आवाज येतो, तो या वेळी. नळ क्लॅम्पमध्ये (त्याला धरणाऱ्या पट्टीत) अडकत-सुटत पुढे सरकतो आणि प्रत्येक सुटण्याला एक ठोका ऐकू येतो. ज्या नळाला सरकायला जागाच नसते तो आवाज करत नाही. तो एल्बोपाशी (वळणाच्या जोडापाशी) तडकतो. त्यामुळे भिंत शांत आहे म्हणजे काम चांगले झाले, असे समजू नये.

आधार : नळाचे आधार दोन प्रकारचे असतात. पक्का आधार नळाला जागेवर धरून ठेवतो; सरता आधार वजन पेलतो आणि नळाला लांबीच्या दिशेने मोकळे सोडतो. सरळ मार्गात पक्का आधार एकच आणि बाकीचे सरते, ही मांडणी सुरक्षित होय. वळणापासून वीत-दीड वीत अंतरापर्यंत क्लॅम्प मारू नये, म्हणजे वळण थोडे वाकून वाढीव लांबी पचवते. आडव्या सीपीव्हीसी नळाला एक इंचापर्यंत दर ९० सेंमी.वर आणि त्याहून मोठ्या व्यासाला दर १.२ मी.वर आधार देण्याची प्रथा आहे. बारीक तांब्याच्या नळाला १.८ मी. चालते. गरम नळाचे क्लॅम्प थंड नळापेक्षा लांब पडले की दोन-तीन वर्षांत मध्ये झोळ दिसू लागतो. झोळात गाळ बसतो आणि उंचवट्यावर हवा अडकते. गच्चीवरील टाकीचा दाब मुळातच कमी, म्हणजे दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार. त्यामुळे अडकलेली हवा पाण्याची धार थेट कमी करते.

भिंतीत पुरलेल्या नळालाही आधार हवा असतो, हे पुष्कळदा विसरले जाते. झिरीत नळ ठेवून वर सिमेंट थापले की तो सगळीकडून जखडला जातो. वेष्टन येथे उष्णता राखण्याबरोबरच नळाला सरकण्यापुरती जागाही देते. झिरी बुजवताना वरून चिकन जाळी (बारीक तारेची जाळी) ताणून मग गिलावा केला, तर झिरीच्या रेषेत तडा उमटत नाही. जांभ्यात फिशर (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची खुंटी) धरत नाही, कारण भोक पोकळीत उघडते. तिथे सागाची किंवा फणसाची खुंटी ठोकून तीत पितळी स्क्रू बसवण्याची जुन्या सुतारांची पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची आहे.

स्लॅबखालून टांगलेल्या नळाला अँकर फास्टनर (काँक्रीटच्या भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट) व आटे पाडलेली सळई वापरतात. किनाऱ्यावरील जुन्या स्लॅबमध्ये आतल्या सळया गंजून काँक्रीटचे पापुद्रे सुटलेले असतात. ठोकून पोकळ आवाज आला तर त्या जागी फास्टनर मारू नये. पीओपीच्या खोट्या छताच्या सांगाड्यावर नळाचे ओझे कधीही टाकू नये. पावसाळ्यात तो सांगाडा स्वतःच ओल धरतो.

गंज : समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील क्षार किनाऱ्यालगतच्या पहिल्या काहीशे मीटरांत सर्वाधिक उतरतो आणि पुढे झपाट्याने कमी होतो. या पट्ट्यात बहुधा नळाआधी त्याचा क्लॅम्प जातो. साध्या लोखंडी क्लॅम्पवर पावसाळ्यानंतर तांबडी पावडर सुटते, मग स्क्रूचे डोके तुटते आणि नळ नुसत्या सांध्यांवर लोंबकळत राहतो. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवरही येथे बारीक खड्डे पडतात. मॉलिब्डेनम असलेले ३१६ अधिक टिकते. तांब्याच्या नळाला जस्तलेपित क्लॅम्प लावल्यास ओलीत दोन धातूंचा विद्युतघट तयार होऊन क्लॅम्प लवकर खाल्ला जातो. तांब्याला तांब्याचा किंवा पितळी क्लॅम्प, नाहीतर मध्ये रबराची पट्टी घालावी.

जीआय नळ गरम पाण्यात लवकर का कुजतो, याबद्दल दोन मते आहेत. थंड पाण्यात जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. मात्र सुमारे ६० अंशांच्या वर, विशेषतः बायकार्बोनेट वा नायट्रेट अधिक असलेल्या पाण्यात, जस्त व लोखंड यांची भूमिका उलटते आणि उघडे पडलेले लोखंडच झिजू लागते, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील प्रयोगांत आढळले. या मताप्रमाणे कूज आतून आणि उष्णतेमुळे होते. दुसरे मत कूज बाहेरून धरते : खाडीच्या न धुतलेल्या वाळूचा गिलावा, त्यातील क्लोराइड आणि ओल शोषणारा जांभा. कोकणातील पाण्याला पहिले मत जसेच्या तसे लावणे कठीण आहे. जांभ्याच्या भागातील विहिरींचे पाणी बहुधा मृदू, कमी क्षारांचे आणि किंचित आम्ल असते, आणि असे पाणी जस्ताला तापमान न वाढताही विरघळवते. तांब्याच्या नळावरही त्याचा परिणाम होतो. मोरीतल्या फरशीवर दिसणारे निळसर-हिरवे डाग त्याचेच. काढून टाकलेल्या नळाचा आडवा छेद पाहिला की बरेच कळते. गिलाव्याला चिकटलेल्या बाजूला पापुद्रे आणि आत जाडी शाबूत असेल, तर दोष गिलाव्याचा. आत तांबड्या गाठींनी वाट अरुंद झाली असेल, तर पाण्याचा. खाडीकाठच्या घरांपुरते पाहता बाहेरून होणाऱ्या कुजीचे मत अधिक जुळते.

सीपीव्हीसीला गंज नाही. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत नळकामासाठी आलेल्या या नळांना भारतात आयएस १५७७८ हे मानक लागू आहे. गच्चीवरील उघड्या भागाला ऊन लागून तो ठिसूळ होतो, म्हणून त्यावर पाण्यात कालवलेला पांढरा रंग देतात. तेली रंग देऊ नये.

माळ्यावरील मार्ग : कौलारू घरांत ऐन किंवा सागाच्या वाशांना टांगून नळ माळ्यावरून नेतात. घुशी व उंदीर वेष्टन कुरतडतात.

वाळवीचा उपचार व चाचणी : वाळवीची फवारणी कोकणात नेहमीची. रॉकेल किंवा तत्सम तेलात मिसळलेले औषध भिंतीत भोके पाडून सोडले आणि ते झिरीत पोचले, तर सीपीव्हीसीवर बारीक ताण-तडे पडतात. गळती काही महिन्यांनी आणि भलत्याच ठिकाणी दिसते, त्यामुळे तिचा संबंध फवारणीशी कोणी लावत नाही. पाण्यात मिसळण्याचे औषध मागावे. गिलाव्यापूर्वी कामाच्या दाबाच्या दीडपट दाब हातपंपाने देऊन काटा खाली येतो का ते पाहावे, आणि नंतर एकदा गरम पाणी सोडून प्रत्येक सरत्या आधारापाशी नळ हलतो आहे याची खात्री करावी. झिऱ्यांची जमिनीपासूनची व कोपऱ्यापासूनची मापे कागदावर काढून तो कागद घराच्या दस्तांबरोबर ठेवावा. वाळवीवाला भोके पाडायला येईल तेव्हा तो त्याच्या हातात द्यावा.