घाम गाळला, पण वाळला नाही

कणीक मोजायच्या काट्यावर मी घामाने निथळणारा टी-शर्ट ठेवला, तेव्हा बायको तव्यावरची पोळी तशीच सोडून आली. “अहो, हे काय? रात्री याच काट्यावर रवा मोजलाय मी!” तोवर मी आकडा वाचून घेतला होता : ४३० ग्रॅम. पहाटे निघताना हाच टी-शर्ट १२० ग्रॅम भरला होता. म्हणजे तासाभराच्या धावण्यात ३१० ग्रॅम घाम नुसता कापडात मुरला होता. काटा मी दोनदा पुसून दिला, तरी चार दिवस घरात तो विषय निघत राहिला.

मी नेरूळला राहतो आणि अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. रक्तातली साखर ‘काठावर’ आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि वयाच्या ४६व्या वर्षी मी ट्रायथलॉनच्या नादाला लागलो. पोहणं, सायकल आणि धावणं, एकापाठोपाठ एक. मध्ये घड्याळ थांबत नाही, कपडे बदलतानाही नाही. ऑलिम्पिकमध्ये ही अंतरं १.५, ४० आणि १० किलोमीटर असतात. मी उतरलो ती त्याच्या निम्मी, ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटरची. तिला ‘स्प्रिंट’ म्हणतात. ज्याने हे नाव दिलं तो माझ्या वयाचा नसावा.

खेळ तसा कोवळा आहे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथे ४६ जणांनी पहिली आधुनिक ट्रायथलॉन केली, आणि २००० साली सिडनीत तो ऑलिम्पिकमध्ये आला. त्या पहिल्या शर्यतीची सुरुवात धावण्याने झाली होती. आता पोहणं आधी असतं. दमलेला सायकलवाला रस्त्याच्या कडेला बसू शकतो, पण दमलेला पोहणारा बसणार कुठे?

पोहण्यात माझा पहिला शत्रू होते माझेच पाय. माणसाच्या शरीरात हवेचा फुगा छातीत असतो आणि जड मांड्या खाली. त्यामुळे पाण्यात आडवं झालं की छाती वर राहते, पाय बुडायला लागतात आणि शरीर तिरकं होतं. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. त्यात तिरकं शरीर ओढणं म्हणजे दार उघडं टाकून गाडी चालवण्यासारखं. नवशिका मग पाय वर आणण्यासाठी ते आपटतो. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, ते भराभर ऑक्सिजन खातात आणि लांब अंतराच्या पोहण्यात त्या बदल्यात फारसा पुढे ढकलत नाहीत. तलावावर रोज सकाळी येणाऱ्या एका काकांनी हेच चार शब्दांत सांगितलं : “मास्तर, पाणी उडवायची फी वेगळी भरलीय का?” डोकं खाली, नजर तळाकडे, छाती किंचित दाबलेली असं केल्यावर पाय आपोआप वर आले.

दुसरी गोष्ट श्वासाची. तीन-चार हात मारले की छाती फुटेल असं वाटायचं, आणि मी समजायचो की ऑक्सिजन कमी पडतोय. प्रत्यक्षात ती घुसमट बहुतेक वेळा साचलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. श्वास घ्यायची निकड मेंदूला त्या वायूवरून कळते, ऑक्सिजनवरून फार उशिरा. मी तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून धरत होतो आणि वर आल्यावर सोडणं-घेणं दोन्ही एका झटक्यात उरकत होतो. पाण्यातच सावकाश बुडबुडे सोडायला लागलो आणि दोन आठवड्यांत सलग ३० लांब्या जमल्या. म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावात बरोबर ७५० मीटर.

सायकलचा सराव पाम बीच रोडवर. पहाटे पाचला वाशीहून निघून बेलापूरच्या किल्ला जंक्शनपर्यंत जायचं आणि परत यायचं. डाव्या-उजव्या हाताला खाडी, खारफुटी आणि हिवाळ्यात नशीब असेल तर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास सायकलवाल्याची बहुतेक ताकद नुसती हवा बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट करायचा तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध दुप्पट वेगाने मोडायचा म्हणून शक्ती आठपट लागते. वर्गात हे सूत्र फळ्यावर मी शेकडो वेळा लिहिलंय. मांड्यांना ते चाळिशीनंतर कळलं.

पण तीच हवा सायकलवाल्यावर एक उपकारही करते, आणि तो मला शर्यतीपर्यंत लक्षात आला नव्हता.

शर्यत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होती. सुरुवात साडेसहाची ठरलेली, पण आयोजकांची काही तयारी राहिली म्हणून शिट्टी वाजली साडेसातला. त्या एका तासाची किंमत काय, ते पुढे कळलं. पोहून २१ मिनिटांत बाहेर आलो. सायकल अपेक्षेपेक्षा बरी झाली, अंग जवळजवळ कोरडं होतं आणि मी स्वतःवर खूश होतो. सायकल स्टँडला लावली, बूट बदलले आणि पळत सुटलो. शंभरएक पावलांवर एका मुलाने हाक मारली, “काका, हेल्मेट!” डोक्यावर हेल्मेट तसंच. परत गेलो. आणि त्या मिनिटाभरात सगळ्या अंगातून घाम असा सुटला की जणू कोणी नळ सोडला.

खरं तर नळ पाऊण तासापासून चालूच होता. सायकलवर ताशी २७ किलोमीटरचा वारा तो घाम येईल तसा वाळवत होता, म्हणून दिसला नाही. मी धावतो ताशी नऊच्या वेगाने. पंखा एकदम ‘एक’वर आला आणि खालची भट्टी तशीच पेटलेली.

भट्टी शब्दशः घ्या. माणसाचा स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव ऊर्जा हालचालीला लावतो, उरलेल्याची उष्णता होते. धावण्याचा ढोबळ हिशोब असा : दर किलो वजनाला, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी. माझं वजन ७२ किलो. तासाभरात नऊ किलोमीटर धावलो तर साधारण ६५० किलोकॅलरी, त्यातली ५०० च्या घरात उष्णता. ती बाहेरच पडली नाही तर शरीराचं तापमान तासाभरात आठ अंशांनी चढेल. अर्थात त्याच्या खूप आधी माणूस कोसळतो. ही उष्णता बाहेर काढायचा मोठा मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो.

मेख त्या ‘वाळला तर’मध्ये आहे. टपकून रस्त्यावर पडलेला घाम जवळपास काहीच उष्णता नेत नाही. टी-शर्टमध्ये मुरून घरी आलेलाही नाही. त्या काट्याच्या दिवशी मी स्वतःचंही वजन करून गेलो होतो. मध्ये प्यायलेलं पाणी धरून हिशोब केला तर १.६ लिटर घाम गेला होता. ५०० किलोकॅलरीसाठी ०.९ लिटरसुद्धा वाळायची गरज नव्हती. उरलेला पाऊण लिटर कापडात, मोज्यांत आणि नेरूळच्या रस्त्यावर वाया गेला. घाम गाळणाऱ्याचं आपण कौतुक करतो, पण शरीराच्या जमाखर्चात गाळलेला घाम खर्चाच्या बाजूलाच पडतो.

तो वाळत का नाही, याचं उत्तर लोक ‘ह्युमिडिटी’ असं देतात आणि मोबाइलवरची टक्केवारी दाखवतात. ती टक्केवारी फसवी आहे. घाम वाळण्याचा वेग ठरतो तो ओल्या त्वचेलगतची वाफ आणि हवेतली वाफ यांच्या दाबांतल्या फरकावर. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर हा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, जशी माझ्या शर्यतीत धावण्याच्या वेळी होती, तर हवेतला बाष्पदाब ३.२. फरक उरला २.४. घाटावर त्याच ३० अंशांना आर्द्रता ३५ टक्के असेल तर फरक ४.१. म्हणून पुण्याचा पाहुणा वाशी स्टेशनला उतरला की पहिल्यांदा रुमाल काढतो. आता गंमत बघा. डिसेंबरच्या पहाटे इथे २० अंश असताना आर्द्रता ८५ टक्के दाखवली, तरी बाष्पदाब फक्त २.० असतो आणि फरक ३.६. टक्केवारी जास्त, तरी घाम चांगला वाळतो. थंड हवेत मुळात वाफ मावतेच कमी. साडेसहाऐवजी साडेसातला सुटण्याची किंमत मी वर म्हटलं, त्यात वाफेपेक्षा उन्हाचा वाटा मोठा. वाफ तेवढीच असते, पण ऊन वरून उष्णता ओततं आणि हवाही तापते.

पाय मात्र वेगळ्याच तक्रारीवर होते. सायकलवरून उतरल्यावर पहिला किलोमीटर ते आपले वाटतच नाहीत. सायकलवर मांडीचे स्नायू गोल गोल जोर लावतात, पाय कुठे आपटत नाही. धावताना प्रत्येक पावलाला टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) रबरासारखी ताणली जाते आणि साठवलेली ऊर्जा परत देते. मज्जासंस्था एका चालीत पाऊण तास रमलेली असते, तिला दुसरी चाल पकडायला वेळ लागतो. वेगाचा अंदाजही बिघडतो. इतका वेळ झाडं झपाझप मागे जात होती, आता ती रेंगाळतात, म्हणून आपण उगाच जोरात पळतो. सगळे म्हणतात ‘लॅक्टिक ॲसिड भरलं’. त्या बिचाऱ्याला फार बदनाम केलंय. शरीरात ते लॅक्टेटच्या रूपात असतं आणि ते हृदयाला आणि इतर स्नायूंना चालणारं इंधन आहे, आणि व्यायाम थांबल्यावर तासाभरात ते रक्तातून ओसरतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे ओरडतं ते स्नायूतल्या सूक्ष्म इजांचं दुखणं.

तिसऱ्या किलोमीटरला मी घड्याळ पाहिलं. वेग पहिल्यासारखाच होता, पण नाडी १५२ वरून १६८ वर गेली होती. हृदयाला आता दोन गिऱ्हाइकं होती. स्नायूंना ऑक्सिजन हवा, आणि त्वचेलाही रक्त हवं, कारण आतली उष्णता रक्तातूनच बाहेर येते. त्यात घामामुळे रक्तातलं पाणी घटलेलं. दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी झालं की हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. वेग तोच ठेवायचा हट्ट केला तर नाडी चढतच जाते. मी हट्ट सोडला. चौथा किलोमीटर अर्धा चाललो आणि पाण्याच्या टेबलावर एक ग्लास प्यायलो, दुसरा डोक्यावर ओतला.

पाणी भसाभस पिणं हा उपाय नाही, हे मात्र सांगायला हवं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीच्या शेवटी तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम, म्हणजे मिठातला घटक, घसरलेलं निघालं. धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे घामातून गेलं त्यापेक्षा जास्त पाणी पोटात आलं होतं, त्यांना धोका अधिक. माझ्या बाटलीत लिंबू सरबत असतं, साखर-मीठ घातलेलं. आतड्याच्या भिंतीत एक वाहक आहे, तो साखर आत घेताना सोडियमलाही बरोबर घेतो आणि मागोमाग पाणी येतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच तत्त्वावर साखर-मिठाच्या पाण्याने कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. पायात गोळे आले तर लोणच्याचं पाणी प्या, असंही आमच्यात सांगतात. अमेरिकेत त्यावर प्रयोग झाला. विजेने पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत गोळा आणून खारवलेल्या काकडीचं पाणी पाजलं. गोळा दीडएक मिनिटात सुटला, म्हणजे मीठ रक्तात पोहोचण्याच्या आधी. घशातल्या नसांना बसलेला आंबट झटका मज्जासंस्थेला शांत करत असावा. कैरीच्या लोणच्यावर कोणी प्रयोग केलाय का माहीत नाही, मी करायला तयार आहे.

आणखी एक चूक माझीच. शर्यतीआधीचे तीन आठवडे परीक्षेच्या कामामुळे मी पहाटेच काय तो पळालो आणि दिवसभर स्टाफरूमच्या एसीत बसलो. उकाड्यात रोज तासभर घाम काढला तर एक-दोन आठवड्यांत शरीर बदलतं : रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. काळ्या टी-शर्टवरच्या पांढऱ्या रेघा पुसट व्हायला लागतात, त्यावरून ओळखायचं. पण सवय मोडली की काही आठवड्यांत हा बदल ओसरतो. माझ्या पाठीवर त्या दिवशी खडूने नकाशा काढल्यासारख्या रेघा होत्या.

शेवटची कमान ओलांडली तेव्हा एकूण वेळ झाला होता एक तास ५१ मिनिटं, त्यात हेल्मेटचं एक. घरी येऊन टी-शर्ट धुतला आणि गॅलरीतल्या दोरीवर टाकला. संध्याकाळी बायकोने हात लावून पाहिला. “अजून ओलाच आहे,” ती म्हणाली, आणि काटा उचलून वरच्या फळीवर ठेवला.