धुक्यातला दिवा कोणासाठी?

दाट धुक्यात गाडी चालवताना समोरचं दिसेनासं झालं की बहुतेकांचा हात आपसूक अप्परकडे, म्हणजे हेडलाइटच्या लांब जाणाऱ्या झोताकडे जातो. अंधारात जे कामी येतं ते धुक्यातही येईल, असं वाटणं साहजिक आहे. पण अप्पर मारल्याबरोबर समोर पांढरी भिंत उभी राहते आणि आधी निदान रस्त्याच्या कडेचा पट्टा दिसत होता, तोही गडप होतो. डिपरवर, म्हणजे खाली वळलेल्या झोतावर आलं की पट्टा परत दिसू लागतो. उजेड वाढवला तर कमी दिसतं, हे कोडं एकदा सुटलं की धुक्यात आणि पावसात दिव्यांचं काय करायचं हे पाठ करावं लागत नाही.

धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. दृश्यमानता १००० मीटरच्या खाली आली की हवामानशास्त्र त्याला धुकं म्हणतं; गाडी चालवणाऱ्याला खरा त्रास सुरू होतो तो त्याच्याही बऱ्याच खाली, शे-दोनशे मीटरवर. आणि एवढा सगळा अडथळा उभा करायला पाणी किती लागतं? एका घनमीटर दाट धुक्यात साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं पाणी एका थेंबात गोळा केलं तर करंगळीच्या नखाएवढा थेंब होईल, आणि त्याच्यामुळे काहीच झाकलं जाणार नाही. पण तेच पाणी २० मायक्रॉन व्यासाच्या, म्हणजे एका मिलीमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या थेंबांत वाटलं तर सुमारे १२ कोटी थेंब होतात. प्रत्येक थेंब आपल्यावर पडलेला प्रकाश वळवतो. हिशोब केला तर अशा धुक्यात जेमतेम ५० मीटरपर्यंतचं दिसतं. पाणी तेवढंच, फक्त बारीक वाटलेलं.

आता या थेंबांमध्ये हेडलाइटचा झोत सोडून पाहा. बराचसा प्रकाश थोडासा वळून पुढेच जातो, पण काही भाग उलटा फिरून आपल्या डोळ्यांकडे येतो. दिव्याच्या सगळ्यांत जवळचे थेंब सगळ्यांत जास्त उजळतात, आणि तेच आपल्या डोळ्यांच्याही सगळ्यांत जवळ असतात. अप्परचा झोत सरळ, आपल्या नजरेच्या रेषेला धरून जातो, त्यामुळे नजर जिथून जिथून जाते ती सगळी हवा उजळून निघते. दूरच्या वस्तूवरून परत येणारा क्षीण प्रकाश या उजळलेल्या पडद्यात बुडून जातो.

हे गाडीशिवायही पाहता येतं. धुक्यात एक टॉर्च कपाळाशी धरा आणि समोर पाहा. मग तोच टॉर्च गुडघ्याशी धरून जमिनीच्या जवळून पुढे मारा. पहिल्या वेळी पांढरा धूसर गोळा दिसतो, दुसऱ्या वेळी पायापुढची जमीन दिसते. पुढचे फॉग लॅम्प बंपरच्या खाली बसवलेले असतात ते याच कारणासाठी. त्यांचा झोत रुंद, चपटा आणि वरच्या बाजूला कापल्यासारखा असतो, त्यामुळे उजळलेलं धुकं नजरेच्या रेषेखाली राहतं. लांबचं ते दाखवत नाहीत. ते दाखवतात रस्त्याच्या कडा, आणि दाट धुक्यात गाडी सरळ ठेवायला त्याच लागतात.

पिवळा उजेड धुकं भेदतो, ही समजूत फार जुनी आहे. फ्रान्समध्ये तर १९३६च्या नियमापासून १९९३पर्यंत गाड्यांचे हेडलाइट पिवळेच असायचे. आकाश निळं दिसतं ते हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून, हे आपण शाळेत शिकतो. ते खरं आहे, पण तो नियम प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान कणांचा आहे. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. धुक्याचा थेंब तिच्या कितीतरी पट मोठा, त्याला निळं काय आणि पिवळं काय, जवळपास सारखंच. धुकं पांढरं दिसतं ते त्यामुळेच. निळसर उजेड डोळ्यांना जास्त टोचतो, म्हणून पिवळा दिवा काहींना सुखावह वाटतो, आणि तेवढ्यापुरता तो बरा आहे. पण नुसत्या रंगासाठी दिवे बदलू नका. दिवा कुठे बसवलाय आणि झोत कसा कापलाय, याने खरा फरक पडतो.

इथपर्यंतची सगळी चर्चा आपल्याला दिसण्याची झाली. माझ्या मते धुक्यात त्याहून मोठं काम दुसरंच असतं: आपण इतरांना दिसणं.

धुक्यात वस्तू लपते म्हणजे नक्की काय होतं, हे जर्मन हवामानशास्त्रज्ञ हाराल्ड कॉशमीडर यांनी १९२४मध्ये गणितात मांडलं. वस्तू आणि आपण यांच्यामधली हवा स्वतः उजळलेली असते. वस्तू जितकी लांब, तितका हा मधल्या हवेचा उजेड तिच्यावर चढतो, आणि ती पार्श्वभूमीच्या रंगाकडे सरकत जाते. दोघांमधला फरक दोन टक्क्यांच्या आसपास आला की डोळ्याला तो कळत नाही आणि वस्तू नाहीशी होते. म्हणजे काळी गाडी धुक्यात आधी राखाडी होते, मग पांढुरकी, मग काहीच नाही. जी मुळातच राखाडी किंवा पांढरी आहे तिची सुरुवातच या प्रवासाच्या मध्यावर होते. याला उपाय एकच, वस्तूने स्वतः प्रकाश टाकणं.

एकदा सकाळी साडेआठच्या सुमारास मी धुक्यात गाडी चालवत होतो. वेग बेताचा होता. समोरचा धूसरपणा एका जागी किंचित गडद वाटला आणि दुसऱ्याच क्षणी तिथे राखाडी गाडीची डिकी होती. एकही लाल दिवा नाही. ब्रेक दाबल्यावर माझ्या आणि तिच्या मध्ये जेमतेम एका गाडीची जागा उरली. पुढे रस्ता रुंद झाल्यावर तिच्या बाजूने जाताना आरशात पाहिलं, तर पुढचे दिवे झगझगीत लागलेले. ती गाडी चालवणाऱ्याला आपले दिवे चालू आहेत याबद्दल तिळमात्र शंका नसणार. त्याच्या डोळ्यांसमोर डॅशबोर्डही उजळलेला असणार.

ही त्या माणसाची बेपर्वाई नव्हती, यंत्राची रचनाच तशी आहे. नव्या गाड्यांत इंजिन सुरू केलं की दिवसा दिसण्यासाठीचे पुढचे दिवे आपोआप लागतात. युरोपीय संघाने २०११पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना ते सक्तीचे केले. अनेक गाड्यांत त्यांच्यासोबत मागचे दिवे लागत नाहीत. मग आपण भरवसा ठेवतो तो 'ऑटो'वर, म्हणजे अंधार पडला की दिवे आपोआप लावणाऱ्या सोयीवर. पण बहुतेक गाड्यांत ऑटोचा सेन्सर मोजतो फक्त आजूबाजूचा उजेड. दिवसाचं धुकं अंधारं नसतं, उलट चारी बाजूंनी पांढरंशुभ्र असतं. सेन्सरच्या लेखी तो लख्ख दिवस, म्हणून तो हेडलाइट लावत नाही आणि मागचे लाल दिवेही लागत नाहीत. समोर किती लांबवर दिसतंय, हे त्याला मोजताच येत नाही. कॅनडाने हा धोका ओळखून सप्टेंबर २०२१पासून नव्या गाड्यांना नियम केला. पुढचे दिवसाचे दिवे लागले तर मागचेही लागले पाहिजेत, किंवा अंधार झाल्यावर सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, किंवा दिवे लावल्याशिवाय डॅशबोर्ड अंधारा राहिला पाहिजे. यातला तिसरा पर्याय मला फार आवडतो, कारण आपल्या गाडीची मागची बाजू अंधारात आहे हे चालवणाऱ्याला कळावं एवढंच तो करतो. पण दिवसाच्या धुक्यात यांपैकी काही पर्याय पुरे पडत नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवं. तिथे डिपर हातानेच लावावा लागतो.

काही गाड्यांना मागचा फॉग लॅम्पही असतो. त्याची ताकद आकड्यांत पाहिली की त्याचा उपयोग आणि त्याचा धोका एकदमच कळतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मागच्या साध्या लाल दिव्याची तीव्रता किमान ४ कँडेला असावी लागते, ब्रेक लाइटची ६०, आणि मागच्या फॉग लॅम्पची १५०. दाट धुक्यात हा दिवा जीव वाचवतो. पण धुकं विरल्यावर तो तसाच राहिला तर मागच्याच्या डोळ्यांवर येतो आणि ब्रेक लाइट लागलाय की नाही ते कळू देत नाही. जर्मनीत दृश्यमानता ५० मीटरच्या खाली गेल्याशिवाय तो लावता येत नाही, आणि पाऊस कितीही कोसळत असला तरी नियमानुसार तो धुक्यासाठीच आहे.

चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची सवय मात्र सोडायला हवी. हेतू चांगला असतो, पण मागून येणाऱ्याला गाडी उभी आहे की चालतेय हे कळत नाही. शिवाय तुम्ही वळणार असाल तर ते सांगायला तुमच्याकडे काही उरत नाही. गाडी बंद पडून रस्त्यात उभी राहिली, तर त्यासाठी ते चार दिवे आहेत.

वेगाबद्दल थोडं सांगतो, कारण यात विज्ञानाने स्वतःलाच दुरुस्त केलंय. १९९८मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संगणकावरच्या आभासी रस्त्यावर धुकं आणलं की वेग कमी भासतो आणि माणसं नकळत जोरात चालवतात, असं त्यात दिसलं. धुक्यातल्या अपघातांचं हे कारण वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१२मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगन इथल्या संशोधकांनी धुकं अधिक खऱ्यासारखं करून पाहिलं, म्हणजे जवळचं स्पष्ट आणि दूरचं पुसट. तेव्हा निकाल उलटा आला. वेग जास्त भासला आणि माणसांनी गाडी हळू केली. तरीही ती पुरेशी हळू होते का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी सुमारे २८. एकूण ५३. दिसतंय ५० मीटर. ताशी ८०ला हीच बेरीज ८३वर जाते आणि ४०ला २९वर येते. ५० मीटरच्या आत दिसत असेल तर ताशी ५०च्या वर जायचं नाही, असा जर्मनीतला नियम आहे. ५०ला थांबायला सुमारे ४० मीटर लागतात, तेव्हा तो नियम कुठून आला हे लगेच लक्षात येतं.

पावसात गोष्ट थोडी बदलते. कोरडा डांबरी रस्ता खडबडीत असतो. हेडलाइटचा प्रकाश त्याच्यावर पडून सगळीकडे विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्याकडे परत येतो, म्हणून रस्ता दिसतो. पाण्याने ते खड्डे-उंचवटे भरले की रस्त्याचा आरसा होतो. आपला प्रकाश पुढेच निघून समोरच्याच्या डोळ्यांत जातो, त्याचा आपल्या डोळ्यांत येतो, आणि रस्ता काळाकुट्ट होतो. पांढऱ्या पट्ट्यांत काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात, ते रात्री प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात. त्यांच्यावर पाण्याचा थर चढला की तेही निकामी होतात. त्यामुळे पावसाळी रात्री पट्टे दिसेनासे झाले तर आपली नजर कमजोर झाली असं समजू नका.

अशा वेळी काच हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग होतो. काचेवरचा प्रत्येक थेंब एक भिंग असतो. गाडी उभी असताना एखाद्या थेंबात जवळून पाहा, समोरचं अख्खं दृश्य त्यात उलटं दिसतं. समोरून दिवे आले की अशा हजारो भिंगांत हजारो दिवे पेटतात. ते पुसण्यासाठी हाताने चालवायच्या वायपरचं पेटंट अमेरिकेत मेरी अँडरसन यांना १९०३मध्ये मिळालं. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात ट्रामचा चालक समोरची काच उघडून बसतो, हे पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती.

आजच्या वायपरमधला खरा कारागीर म्हणजे रबराची ती पातळ कड. प्रत्येक फेरीच्या टोकाला ती एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर कलंडते आणि नेहमी मागे झुकून ओढली जाते. कान दिला तर तिचा हलका 'टक' ऐकू येतो. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक झालं की कड कलंडत नाही, वायपर थरथरत जातो आणि काचेवर रेघा सोडतो. ओल्या फडक्याने कड पुसून तिच्यावरून बोट फिरवा. चिरा किंवा खडबडीतपणा लागला तर पाऊस सुरू व्हायची वाट पाहू नका. आणि रबर नवं असूनही काच धूसर राहत असेल, तर तिच्यावर तेलकट थर बसलेला असतो. साबणाच्या पाण्याने काच आतूनही धुवा.

पाऊस ओळखून आपोआप चालणाऱ्या वायपरची युक्ती मला फार सुंदर वाटते. गाडीतल्या आरशामागून समोरच्या काचेत ४५ अंशांनी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडलेला असतो. काचेबाहेर हवा असेल तर ४२ अंशांपलीकडचा प्रकाश बाहेर पडू शकत नाही, तो पूर्ण परावर्तित होऊन सेन्सरकडे येतो. बाहेर पाणी असेल तर ही मर्यादा ६२ अंशांवर जाते आणि ४५ अंशांचा प्रकाश थेंबातून निसटतो. परत येणारा प्रकाश जितका घटला तितका पाऊस जास्त. पण सेन्सर पाहतो ती काच जेमतेम बोटभर रुंद असते. ट्रकच्या चाकांनी उडवलेला गढूळ फवारा तुमच्या डोळ्यांसमोरच्या भागावर आधी बसला, तर त्याला ते कळत नाही. तिथे हात तयार हवा.

काच आतून धूसर झाली तर दमट हवेतलं पाणी थंड काचेवर जमलंय. एसी लावून वारा काचेवर सोडा आणि तापमान वाढवा. एसी हवा कोरडी करतो, ऊब काच तापवते. बाहेरची हवा आत घेणंही बरं. उलट बाहेर उकाडा आणि आत गारवा असेल तर काच बाहेरून धूसर होते. वायपरने ती पुसली गेली तर धूसरपणा बाहेरचा, मग काचेवरचा थंड वारा कमी करा.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत वायपर लावला की हेडलाइट लावलेच पाहिजेत असा कायदा आहे. कायदा असो नसो, हाताला ही जोडी लावून घेतलेली बरी.

उद्या सकाळी उजेडात गाडी सुरू करा, दिव्यांचं बटण रोजच्यासारखं ऑटोवर ठेवा, हँडब्रेक ओढा आणि उतरून मागे जाऊन उभे राहा. लाल दिवे लागलेले नसतील, तर धुक्यात तुमच्या मागून येणाऱ्याला तुमची गाडी तशीच दिसते. मग आत जाऊन ते बटण डिपरपर्यंत फिरवा आणि पुन्हा एकदा मागे येऊन पाहा.