मिरज–पंढरपूर नॅरोगेज: ओस पडलेल्या ठेसनांची पार्श्वभूमी

मिरजेहून पंढरपूरकडे जाताना ब्रॉडगेजच्या आसपास काही ठिकाणी जुना भराव दिसतो. त्यावर आता बाभळी माजल्या आहेत. नॅरोगेजची छोटी ठेसनं अशाच भरावांच्या कडेला होती. ‘एसटी आली आणि रेल्वे बसली’ असं सर्रास म्हटलं जातं. प्रवासी एसटीने पळवले हे खरं, पण मूळ दुखणं गेजचं, म्हणजे दोन रुळांतल्या अंतराचं होतं.

या लाईनची गोष्ट बार्शीपासून सुरू होते. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मुंबईची मुख्य लाईन तिला बाजूला टाकून गेली. म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1895 मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी केली. 1897 मध्ये कुर्डुवाडी–बार्शी गाडी धावली. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. एका आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही, हा त्याचा हिशेब. त्यामुळे हलके रूळ चालले आणि खर्च आटोक्यात राहिला. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारण्याचं पॅराशूटही बनवलं.) लाईन 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. कॅलथ्रॉप त्याच वर्षी वारला.

आषाढीला ही गाडी टपापर्यंत भरायची. एरवी मात्र सगळं निवांत. चार डबे, लाकडी बाकं, बुटका फलाट, पुठ्ठ्याचं तिकीट. ज्या गावाच्या नावाचं ठेसन, ते गाव जवळ असेलच असंही नाही. जत रोडला उतरलेल्याला जत गाठायला पुन्हा बरीच वाट तुडवावी लागे.

खरी अडचण मिरजेच्या यार्डात होती. आधी तिथे मीटरगेज होती. 1971 च्या सुमारास पुण्याकडून ब्रॉडगेज आली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं एकाच जंक्शनात तिन्ही गेज नांदल्या. रेल्वेच्या हौशी लोकांना याचं फार कौतुक! पण व्यापाऱ्याचं पोतं हमालाच्या पाठीवरूनच एका वाघिणीतून दुसरीत जायचं. त्यात मजुरी गेली, वेळ गेला, पोती फाटली. ट्रक मात्र थेट अडत्याच्या दारात माल उतरवू लागला. 1954 मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली, तरी रूळ तेवढेच अरुंद राहिले.

मिरज–पंढरपूर नॅरोगेज 2008 मध्ये थांबली आणि दोन-तीन वर्षांत ब्रॉडगेज सुरू झाली. तिला लांब लूप (गाडी बाजूला थांबवायचे रूळ) आणि सौम्य वळणं लागतात. जिथे मार्ग सरकला तिथे जुनं ठेसन तसंच मागे पडलं.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वेगाडी मिरजेत भरली. दहा टँकर, पाच लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, म्हणजे वाट जुन्या बार्शी लाईटचीच. फक्त रूळ रुंद झालेले. मिरजेत भरलेले टँकर वाटेत कुठेही रिकामे न करता थेट लातुरात उतरवता आले.