कॉफी चेन्सची लढाई: कोपऱ्यावरच्या दुकानापासून फोनपर्यंत

सध्या कॉफी चेन्समध्ये जे चाललंय, म्हणजे अ‍ॅपवरची कूपनं, चीनमधली दहा युआनच्या आतली कॉफी, अमेरिकेत कपावर परत हाताने काहीतरी लिहून देणं, ते नुसतं बातम्यांमधून बघितलं तर सगळं गेल्या दोन-तीन वर्षांतलं वाटतं. पण यातले बरेचसे डाव १९९० च्या दशकात अमेरिकेत एकदा खेळून झालेत, आणि त्यातला एक निर्णय असा होता की ज्यावर आजही एकमत नाही. तो समजला तर पुढचं बरंच काही आपोआप कळतं, म्हणून या नोंदीत जास्त जागा त्यालाच दिलीय.

त्याआधीचं पटकन. अमेरिकेत कॉफी पिण्याचं प्रमाण १९६२ च्या सुमारास शिखरावर होतं, मग वीसेक वर्षं ते उतरतच गेलं, तरुण पोरं कोलाकडे वळली आणि मोठ्या कंपन्यांनी एकमेकींपेक्षा स्वस्त विकायच्या नादात डब्यातल्या कॉफीत हलक्या बिया घालून तिची चवच घालवली. याला कंटाळलेल्या लोकांसाठी १९६६ मध्ये बर्कलीत पीट्सचं दुकान निघालं, त्या दुकानाच्या मालकाकडून धडे घेऊन तिघांनी १९७१ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये स्टारबक्स काढलं. तेव्हा तिथे भाजलेल्या बिया आणि कॉफीचं सामान मिळायचं, कप भरून विकायचा धंदा नव्हताच. त्यांचा मार्केटिंग बघणारा माणूस १९८३ मध्ये मिलानला गेला, तिथले एस्प्रेसो बार बघून येडा झाला, मालक ऐकेनात म्हणून १९८५ मध्ये बाहेर पडून त्याने स्वतःची दुकानं काढली आणि १९८७ मध्ये ३८ लाख डॉलरला स्टारबक्सच विकत घेतलं. जुन्या मालकांनी तोपर्यंत पीट्स घेतलं होतं, ते त्यांनी स्वतःकडे ठेवलं.

मिलानच्या बारमध्ये लोक काउंटरपाशी उभे राहून दोन घोटात कॉफी संपवतात आणि निघतात. मार्केटिंगवाल्याने स्वतःच्या पहिल्या दुकानात तसंच करून बघितलं, इटालियन नावांचं मेनूकार्ड, ऑपेरा, खुर्च्या नाहीत. गिऱ्हाईकांनी तक्रारी केल्या, खुर्च्या आल्या, ऑपेरा गेला. म्हणजे बसायची जागा हे जे नंतर या धंद्याचं मुख्य आकर्षण झालं ते गिऱ्हाईकांच्या रेट्यामुळे आलं, हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे चाळीस वर्षं वाद त्याच खुर्च्यांवरून चाललाय. १९८९ मध्ये एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने घर आणि ऑफिस सोडून माणसाला लागणारी 'तिसरी जागा' अशी कल्पना मांडली होती, चेन्सनी ती जाहिरातीसाठी आयती उचलली.

आता तो निर्णय. १९९२ मध्ये स्टारबक्स शेअर बाजारात आलं तेव्हा दुकानं होती साधारण १६५. २००७ च्या अखेरीला जगभरात १५ हजारांवर. एवढी दुकानं वाढवताना त्यांनी साधी समज उलटी केली. बाकी चेन्स आपल्याच दोन दुकानांमध्ये अंतर ठेवायच्या, एकाने दुसऱ्याचं गिऱ्हाईक खाऊ नये म्हणून. फ्रँचायझीवाल्यांना तर ते ठेवावंच लागतं, नाहीतर शेजारचा दुकानदार भांडायला येतो, एरिया ठरवून घेतो, प्रसंगी कोर्टात जातो. स्टारबक्सची अमेरिकेतली बहुतेक दुकानं कंपनीच्या मालकीची होती, विमानतळासारख्या ठिकाणी परवान्यावर दिलेली सोडली तर, त्यामुळे भांडायला कोणी नव्हतं. मग त्यांनी एकेक शहर निवडून तिथे दुकानांची अक्षरशः दाटी केली. व्हँकूवरला रॉबसन आणि थर्लो या रस्त्यांच्या चौकात तर समोरासमोर दोन स्टारबक्स होते आणि दोन्ही वर्षानुवर्षं चालले, त्यातला एक २०१२ मध्ये बंद झाला.

बाहेरून हा वेडेपणा दिसतो, आतला हिशोब असा होता. सकाळच्या गर्दीत लाइन दरवाजाबाहेर गेली की लोक वळून निघून जातात, ते पळालेलं गिऱ्हाईक कोणाच्याच वहीत दिसत नाही, समोरचं दुसरं दुकान तेच पकडतं. रस्ता ओलांडायचा कंटाळा हा खरा प्रतिस्पर्धी आहे, ऑफिसला जाणारा माणूस उजव्या फुटपाथवरून चालत असेल तर डाव्या बाजूच्या कॉफीसाठी तो थांबत नाही. माल पोचवणारी एक गाडी दहा दुकानं करते, एक मॅनेजर चार दुकानांवर लक्ष ठेवतो, एका दुकानात माणूस आला नाही तर शेजारून बोलावता येतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दुकान हीच जाहिरात. या काळात कंपनी जाहिरातींवर फार कमी खर्च करायची, देशभर टीव्ही जाहिरात पहिल्यांदा दिली ती थेट नोव्हेंबर २००७ मध्ये. दर दोन चौकांनी हिरवी पाटी दिसत असेल तर टीव्हीची गरज काय?

विरोधकांचं म्हणणं पण हलकं नाही. चांगला कोपरा एकदा गेला की गेला, दहा वर्षांच्या भाडेकरारात अडकतो. चेन मोठी असल्यामुळे घरमालक तिलाच जागा देणार, आणि इमारतीत दुसरा कॉफीवाला नको अशी अट करारात घातली तर छोट्याने जायचं कुठे? २००६ मध्ये सिअ‍ॅटलजवळच्या एका स्वतंत्र दुकानाच्या मालकिणीने नेमक्या याच मुद्द्यावर कोर्टात दावा लावला होता. दुसरीकडे हेही खरं की याच वर्षांत अमेरिकेतली स्वतंत्र कॉफी दुकानं पण वाढत होती, कारण महागड्या 'लाटे' कॉफीची (एस्प्रेसोत गरम दूध) सवय लोकांना चेननेच लावली आणि शेजारच्याला तयार गिऱ्हाईक मिळालं. मला स्वतःला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, बाजार वाढला आणि मोक्याच्या जागा मात्र एकाच्या हातात गेल्या, यातलं एक सांगून दुसरं झाकणं बरोबर नाही.

हे गणित बिघडलं कशाने यावर खरा घोळ आहे. शेअर बाजार रिटेल कंपन्यांना 'सेम स्टोअर सेल्स'वर तोलतो, म्हणजे जी दुकानं वर्षभर आधीपासून चालू आहेत त्यांची विक्री किती वाढली. आता तुम्हीच शेजारी नवीन दुकान काढलंत तर जुन्याचा आकडा बसणार, एकूण धंदा वाढला तरी. तो आकडा वर ठेवायचा म्हणजे आहे त्याच माणसाला प्रत्येक वेळी अजून काहीतरी विकायचं. म्हणून मग दुकानात गाण्यांच्या सीडी आल्या, सकाळची गरम सँडविच आली, आणि काम पटापट व्हावं म्हणून ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन आली. फेब्रुवारी २००७ मध्ये त्याच मिलानवाल्या माणसाचं, तेव्हा तो चेअरमन होता, एक अंतर्गत पत्र बाहेर फुटलं, त्यात त्याने लिहिलं होतं की नवीन मशीन इतक्या उंच आहेत की बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारा माणूस, दिसत नाही, आणि बिया बंद पाकिटात यायला लागल्यापासून दुकानातला कॉफीचा वास गेला. सँडविचचं चीज जळून त्याचा वास दुकानभर पसरतो हाही रागाचा मोठा विषय होता, ती २००८ मध्ये काढायचं जाहीर केलं आणि नंतर वास येणार नाही अशी करून परत आणली.

जानेवारी २००८ मध्ये तो परत सीईओ झाला. २६ फेब्रुवारीला अमेरिकेतली ७,१०० दुकानं संध्याकाळी काही तास बंद ठेवून बरिस्तांना एस्प्रेसो काढायला नव्याने शिकवलं. जुलैमध्ये ६०० दुकानं कायमची बंद करायची घोषणा झाली आणि लगेच सगळीकडे लिहून आलं की बघा, दाटी करायचं धोरण फसलं. पण त्या यादीत एक तपशील होता जो कोणी फारसा धरला नाही: त्यातली जवळपास ७० टक्के दुकानं मागच्या अडीच-तीन वर्षांत उघडलेली होती. पंधरा वर्षं दाटी चालली होती, त्यातली जुनी दुकानं बहुतेक टिकली, पडली ती शेवटच्या घाईत घेतलेली. म्हणून मी तरी याला धोरणापेक्षा वेगाची चूक म्हणेन. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात ८४ पैकी ६१ दुकानं बंद झाली, तिथलं कारण मात्र वेगळं, इटालियन आणि ग्रीक स्थलांतरितांनी एस्प्रेसो तिथे कधीच रुजवला होता, त्यामुळे २००० मध्ये येऊन शिकवण्यासारखं चेनकडे काही उरलं नव्हतं.

प्रतिस्पर्ध्यांनी या काळात काय केलं ते थोडक्यात. मॅकडोनल्ड्सचं मॅककॅफे १९९३ मध्ये मेलबर्नला सुरू झालं, अमेरिकेत त्यांनी एस्प्रेसोची पेयं मोठ्या प्रमाणावर आणली ती २००९ मध्ये, म्हणजे मंदीत, लोक महाग कप सोडायला तयार असताना. डोनट आणि कॉफी विकणाऱ्या डंकिनने उलटी वाट धरली, बसू नका, कॉफी घ्या आणि कामाला पळा, २००६ ची त्यांची अख्खी जाहिरात मोहीम याच सुरात होती. त्यांनी एक भन्नाट प्रयोग पण केला होता: आपल्या पक्क्या गिऱ्हाईकांना आठवड्याला १०० डॉलर देऊन स्टारबक्समध्ये पाठवलं आणि तिकडच्यांना आपल्याकडे बोलावलं. दोन्ही गट वैतागले. एकांना सोफे आणि मोठमोठी नावं म्हणजे नुसता दिखावा वाटला, दुसऱ्यांना इकडे आपल्याला कोणी ओळखत नाही, आपण कोणी खास नाही असं वाटलं. दोन चेन्समधलं भांडण चवीच्या पलीकडचं आहे हे दाखवणारा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. चव घेऊन लढाई लढली ती ब्रिटनमध्ये कोस्टाने, दहापैकी सात कॉफीप्रेमींना आमची आवडते अशी जाहिरात २००९ मध्ये केली, स्टारबक्सने तक्रार केली, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेने ती फेटाळली. तीच कोस्टा २०१९ मध्ये कोका-कोलाकडे गेली, ३.९ अब्ज पौंडांना.

२०१० नंतर कोपऱ्याची जागा फोनने घेतली. स्टारबक्सचं पैसे भरून ठेवायचं कार्ड २००१ चं, अ‍ॅपने पैसे द्यायची सोय २०११ ची, आणि आधी ऑर्डर देऊन उचलायची सोय अमेरिकाभर २०१५ मध्ये झाली. लोक आगाऊ पैसे भरून ठेवतात ते साठून दीड अब्ज डॉलरच्या वर गेलेत, कंपनीसाठी हे बिनव्याजी कर्जच. पण अ‍ॅपमुळे एक लाइन अशी तयार झाली जी दुकानात दिसत नाही, समोर दोनच माणसं उभी असतात आणि काउंटरवर वीस कप खोळंबलेले. २०१६ मध्ये बक्षिसाचे स्टार भेटीवर द्यायचे सोडून खर्चावर द्यायला लागले तेव्हा साधी काळी कॉफी पिणारे रोजचे लोक चिडले, आणि माझ्या मते रास्त चिडले, दुकानाला सवय लावणारे तेच होते.

चीनमधल्या लकिनने मग ही दृश्य-अदृश्य लाइनची भानगडच काढून टाकली. २०१७ ला सुरुवात, छोटी दुकानं, खुर्च्या जवळपास नाहीत, ऑर्डर फक्त अ‍ॅपवर, कूपनांचा पाऊस, आणि मे २०१९ मध्ये थेट अमेरिकन शेअर बाजारात. एप्रिल २०२० मध्ये कळलं की आदल्या वर्षातली २.२ अब्ज युआनची विक्री खोटी होती. बाजारातून नाव काढलं गेलं, अमेरिकन नियामकाबरोबर १८ कोटी डॉलर दंडावर तडजोड झाली, बहुतेकांनी कंपनी संपली असं धरलं. पण दुकानांचा सांगाडा खरा होता. नवीन लोकांनी तो चालवला, २०२३ मध्ये चीनमधल्या विक्रीत लकिन स्टारबक्सच्या पुढे गेली. त्याच वर्षी हकालपट्टी झालेल्या जुन्या संस्थापकांची नवी चेन कॉटी ९.९ युआनला कॉफी द्यायला लागली आणि लकिनला पण तिथेच उतरावं लागलं. दाटी, कोपरे, एकमेकांना खेटून दुकानं, सगळं परत तेच, फक्त यावेळी भाडं कमी कारण जागा लहान.

अमेरिकेत मधल्या काळात खुर्च्यांचा प्रश्न वेगळ्याच बाजूने उसळला. एप्रिल २०१८ मध्ये स्टारबक्सच्या फिलाडेल्फियातल्या एका दुकानात काही न घेता कामाच्या भेटीसाठी एकाची वाट बघत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांना पोलिसांनी पकडून नेलं, देशभर संताप झाला, मे महिन्यात ८,००० दुकानं दुपारी बंद ठेवून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं आणि विकत न घेताही कोणीही बसू शकतं असा नियम आला. जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेतला. नवीन सीईओ आल्यावर चिनी मातीचे मग, कपावर मार्करने लिहिणं, दूध-साखर स्वतः घ्यायचं टेबल असं सगळं जुनं परत आणायला सुरुवात झाली होती, आणि हा नियम त्याच्याच आगेमागे गेला.

जून २०२५ च्या शेवटी लकिनने न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये एकाच वेळी दोन दुकानं उघडली, अ‍ॅपवर ऑर्डर द्या आणि उचला. त्यानंतर महिन्याभरात स्टारबक्सने सांगितलं की अमेरिकेतली आपली फक्त-उचला प्रकारची दुकानं आपण बंद करतोय, ती कोरडी वाटतात, आणि त्यातली काही खुर्च्या टाकून साधी दुकानं केली जातील.