जीवाणूंची भाऊबंदकी

काचेच्या नळीत स्टॅफिलोकोकस ऑरियस या रोगकारक जीवाणूंचं गढूळ द्रावण आहे. त्यात लायसोस्टॅफिन नावाचं एन्झाइम टाकलं की काही मिनिटांतच ते निवळू लागतं. नळीपलीकडची अक्षरं वाचता येतात. जीवाणू तळाशी बसलेले नसतात, फुटलेले असतात. द्रावण दाट असेल तर ते चिकटही होतं, कारण त्यांचा डीएनए बाहेर सांडलेला असतो.

हे एन्झाइम बनवतो तोही जीवाणूच, आणि एकाच कुळातला: स्टॅफिलोकोकस सिम्युलन्स. वाटा मागणारे बहुधा सख्खेच असतात, म्हणून हत्यारही नेमकं त्यांच्यासाठीच घडवलेलं. 1964 मध्ये ते शास्त्रज्ञांच्या हाती लागलं. त्याआधी तीनच वर्षं, 1961 मध्ये, ब्रिटनमध्ये पेनिसिलिनच्या घराण्यातल्या नव्याकोऱ्या मेथिसिलिन या औषधाला न जुमानणारा ऑरियस सापडला होता. तोच आजचा कुप्रसिद्ध एमआरएसए.

ऑरियसभोवती शर्करेच्या साखळ्यांचं जाळं असतं. ग्लायसिन या अमिनो आम्लाचे पाच रेणू ओळीने जोडून झालेले छोटे पूल या साखळ्यांना एकमेकींशी बांधतात. आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या कितीतरी पट असतो, तो हे जाळंच पेलतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं हे पूल जोडणाऱ्या कारागिराचे हात बांधतात. एमआरएसएने त्यावर तोड काढली: या औषधांच्या सहजी हाती न लागणारा जादा कारागीर कामावर ठेवला. लायसोस्टॅफिनला मात्र कारागिराशी कर्तव्य नाही. ते बांधून झालेले पूलच तोडतं. जाळं उसवलं की दाबानेच जीवाणू फुटतो. झोपी गेलेले, वाढ थांबलेले जीवाणूही यातून सुटत नाहीत, आणि अनेक प्रतिजैविकं नेमकी तिथेच अडतात.

मग सिम्युलन्स स्वतः कसा वाचतो? तो आपल्या पुलांत काही ग्लायसिनच्या जागी सेरिन बसवतो. पातं तिथे अडखळतं.

मला सगळ्यांत मौज वाटते ती ऑरियसच्या पळवाटेची. त्याच्यात असे उत्परिवर्तित प्रकार सापडतात, ज्यांचा पूल पाचाऐवजी एकाच ग्लायसिनचा असतो. तोडायला काही उरतच नाही. पण एवढ्या आखूड पुलावर त्या जादा कारागिराचं काम नीट चालत नाही, आणि ज्या मेथिसिलिनला तो हसत होता तेच पुन्हा त्याला मारू लागतं. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणूनच दोन्ही एकत्र देण्याची कल्पना मला सर्वांत आशादायक वाटते.

अडचणी आहेतच. एन्झाइम म्हणजे प्रथिन; गोळी करून गिळलं तर पोटात पचून जाईल. रक्तात टोचलं तर फार काळ टिकत नाही आणि शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. शिवाय ते फक्त स्टॅफिलोकोकसवर चालतं, त्यामुळे आधी रोगजंतू ओळखावा लागतो. ही मर्यादा मला गुणच वाटते, कारण आतड्यातले उपयोगी जीवाणू वाचतात.

2005 मध्ये अमेरिकी संशोधकांनी याचं जनुक घातलेल्या जर्सी गाई तयार केल्या. त्यांच्या दुधात लायसोस्टॅफिन उतरलं आणि ऑरियसमुळे होणारा कासदाह, म्हणजे दगडी, त्यांना क्वचितच झाली. माणसांसाठी मात्र ते अजून सर्रास वापरातलं औषध झालेलं नाही. सध्या ते प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये असतं, आणि डीएनए हवा असला की ऑरियस फोडायला बाहेर निघतं.