धूलिस्नान, पाळीव कृंतकांचे

धूलिस्नान, पाळीव कृंतकांचे : कोरड्या वाळूत किंवा बारीक खनिज भुकटीत अंग लोळवून केसांवरील जादा तेल, ओल व मळ काढून टाकण्याची काही कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्यांची उपजत क्रिया. चिंचिला, जर्बिल, हॅम्स्टर व देगू या पाळीव प्राण्यांत ती ठळकपणे आढळते. हे प्राणी मूळचे कोरड्या प्रदेशांतले असून पाण्याने अंग धुणे त्यांच्या स्वभावात नाही.

या क्रियेच्या मूळ प्रयोजनाविषयी एकमत नाही. पिसवा, उवा इ. बाह्यपरजीवी झाडून टाकणे हा तिचा हेतू, असे जुने स्पष्टीकरण आहे. परंतु ज्यांच्या अंगावर परजीवी नाहीत अशा, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या प्राण्यांतही ती तितक्याच जोमाने चालते, त्यामुळे हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. उत्तर अमेरिकेतील कांगारू-उंदीर व त्यांच्या कुलातील इतर प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे जॉन एफ. आयझेनबर्ग यांनी १९६० च्या दशकात गंधखुणांच्या बाजूकडे लक्ष वेधले. त्यानुसार प्राणी ठरावीक जागी लोळून आपल्या ग्रंथींचा वास वाळूत ठेवतो आणि मागून येणारा प्राणी तो हुंगतो. त्याच कांगारू-उंदरांच्या पाठीवर तैलग्रंथी असते व वाळू मिळाली नाही, तर त्यांचे केस तेलकट होऊन एकमेकांस चिकटतात. दोन्ही प्रयोजने एकत्र नांदू शकतात. तथापि तेलाचे नियंत्रण हा क्रियेचा पाया आणि गंधखूण हा त्यावरील विकास, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

जर्बिलावरील संशोधनाने या मतास बळकटी येते. जर्बिलाच्या नेत्रगोलामागे हार्डेरियन ग्रंथी असते. तिचा मेद व पॉर्फिरिन रंगद्रव्ययुक्त स्राव नाकपुड्यांपर्यंत उतरतो. प्राणी तो पुढच्या पंजांवर घेऊन लाळेत मिसळतो आणि आधी तोंडावर, मग कानांमागे व पुढे अंगभर फासतो. हा थर थंडी व ओल यांपासून संरक्षण करतो, असे डेल्बर्ट थीसन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांवरून दिसते. वाळूत लोळल्यावर केसांवरील मेद घटतो. म्हणजे तेल चढवणे व उतरवणे या दोन्ही गोष्टी प्राणी स्वतःच सांभाळत असतो आणि पालकाने साबण-पाण्याने त्याला आंघोळ घालणे हे या व्यवस्थेवर घाव घालण्यासारखे आहे. भिजलेल्या लहान प्राण्याच्या शरीराचे तापमान झपाट्याने उतरते, हा धोका वेगळाच. पॉर्फिरिनमुळे नाकाभोवती, पाळीव उंदरांत डोळ्यांभोवतीही, दिसणारा तांबूस डाग रक्ताचा नसतो. मात्र तो वाढत गेल्यास आजार किंवा ताण यांची शंका घेऊन पशुवैद्यास दाखवावे.

चिंचिलाच्या एका केशकूपातून पन्नास किंवा त्याहून अधिक केस उगवतात. इतक्या दाट आवरणात पाणी मुरले, तर ते त्वचेपर्यंत सुकत नाही व बुरशीजन्य त्वचारोगास वाव मिळतो. त्यासाठी प्युमिस किंवा तत्सम ज्वालामुखीजन्य खडकाची अतिशय बारीक भुकटी पसरट, जड भांड्यात सुमारे ५ सेंमी. खोल घालतात. प्राणी कुशीवर पडून अंगाला गरकन पीळ देतो, उठून सर्वांग झटकतो व पुन्हा पडतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस १० ते १५ मिनिटे एवढे पुरते. भांडे पिंजऱ्यातच राहिले, तर भुकटी मूत्राने खराब होते आणि अतिस्नानाने त्वचा कोरडी पडून डोळे येतात.

हॅम्स्टर व जर्बिल यांना मात्र ही भुकटी देऊ नये, कारण तिचे सूक्ष्म कण श्वसनमार्गास त्रास देतात. त्यांना धूळ काढलेली, गंधरहित, ओलाव्याने गोळा न होणारी बारीक वाळू योग्य होय. ती पिंजऱ्यात कायम ठेवता येते. मात्र विष्ठा व ओले भाग रोज चाळून काढावे लागतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर गेल्यास जर्बिलाचे केस विस्कटून उभे राहतात, तेव्हा वाळूइतकेच खोलीच्या कोरडेपणाकडेही पाहावे. जर्बिल व देगू यांना शेपटीने कधीही उचलू नये. शेपटीची त्वचा सोलून निघते व ती पुन्हा येत नाही.

अंथरूण अस्वच्छ असेल, तर धूलिस्नानाचा उपयोग थोडाच. मूत्रापासून सुटणारा अमोनिया श्वसनमार्ग चिघळवतो. पाळीव उंदरांत मायकोप्लाझ्मा पल्मोनिस या जंतूमुळे होणारा श्वसनरोग त्याने बळावतो. सीडार किंवा प्रक्रिया न केलेल्या पाइन लाकडाचा सुगंधी भुसा वापरू नये.

पाळीव उंदीर जिभेने व पंजांनीच स्वच्छ राहतात. गिनीपिगलाही धूलिस्नान लागत नाही. पेरूव्हियनसारख्या लांब केसांच्या प्रकारांत रोज विंचरणे आणि मागच्या बाजूचे केस कापून आखूड ठेवणे आवश्यक असते. नखे कापताना आतील रक्तवाहिनीच्या पुढचेच टोक कापावे. प्रौढ नरांत पाठीच्या शेवटी, शेपटीच्या जागी असलेल्या तैलग्रंथीवर चिकट थर साचतो. तो खोबरेल तेलाने मऊ करून कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने तेवढाच भाग पुसून घेतात व लगेच कोरडा करतात.