शॉर्टकट बदलण्यामागची जुनी भांडणं

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, कंट्रोल-सी दाबलं की चालू प्रोग्राम थांबतो. शेजारच्या एडिटरमध्ये त्याच कळांनी मजकूर कॉपी होतो. टर्मिनलचा हक्क जुना आहे. आस्की या जुन्या अक्षरसंचात कंट्रोल-सी हे एक नियंत्रण-चिन्ह होतं आणि लिनक्सच्या पूर्वज युनिक्समध्ये ते प्रोग्राम थांबवण्यासाठी रुळलं. म्हणून तिथे कॉपीसाठी बहुधा कंट्रोल-शिफ्ट-सी दाबावं लागतं.

कट-कॉपी-पेस्ट झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकाच्या मध्याला घडलं, लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांच्या जिप्सी या एडिटरमध्ये. झेड-एक्स-सी-व्ही (अनडू, कट, कॉपी, पेस्ट) ही अक्षरं १९८३ साली ॲपलच्या लिसा या संगणकावर आली, तीही कंट्रोल सोडून वेगळ्या कळीसोबत. त्यामुळे मॅकवर हा तंटा उद्भवलाच नाही. आयबीएमने १९८७च्या नियमावलीत कंट्रोल-इन्सर्टने कॉपी आणि शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट असं ठरवलं होतं. १९९२च्या विंडोज ३.१ने ॲपलची अक्षरं कंट्रोलला जोडली, पण जुन्या जोड्याही ठेवल्या. आजही नुसतं कंट्रोल-व्ही अडवून पेस्ट बंद झालं असं समजणाऱ्याला शिफ्ट-इन्सर्ट गाठतंच.

दाबलेली कळ आधी कोणाच्या हाती लागते, यावर सगळं ठरतं. विंडोजमध्ये ॲपचं शॉर्टकटचं कोष्टक आधी तपासलं जातं. तिथे जुळलं तर मजकुराच्या चौकटीला कळ दाबल्याचा पत्ताही लागत नाही. जावा भाषेच्या स्विंग या खिडक्या-बटणं बनवायच्या संचात क्रम उलटा: फोकस असलेला, म्हणजे त्या क्षणी निवडलेला घटक, मग त्याला सामावणारे, मग अख्खी खिडकी, शेवटी मेनू. फक्त वाचायच्या तक्त्यावर एंटर दाबलं की निवड खालच्या ओळीत जाते आणि 'ओके' बटण ढिम्म राहतं, ते यामुळेच. इनपुटमॅपमधून, म्हणजे घटकाच्या कळ-आज्ञा कोष्टकातून, एंटर नुसतं काढून टाकलं तरी काही होत नाही, कारण ती नोंद मागच्या, लुक-अँड-फीलच्या (दिसणं-वागणं ठरवणाऱ्या भागाच्या) मॅपमध्ये असते. तिच्यावर 'नन' (काहीच नाही) अशी नवी नोंद करावी लागते. मग कळ पुढे सरकते. इनपुटमॅपची ही सोय जावा १.३मध्ये आली आणि माझ्या मते ती अजूनही सर्वांत स्वच्छ रचनांपैकी आहे. मात्र कुठली कळ कुठली आज्ञा चालवेल हे वापरणाऱ्याच्याच हाती देण्याचं मोठं काम १९७६ साली सुरू झालेल्या ईमॅक्स या एडिटरने त्याच्या कितीतरी आधी केलं होतं. प्रत्येक ॲपने तेवढं तरी द्यायलाच हवं.

मराठी टायपिंग करणाऱ्यांना याची झळ थेट बसते. विंडोज ऑल्ट-जीआरला (उजव्या ऑल्ट कळीला) कंट्रोल-ऑल्ट समजतं आणि ₹ हे चिन्ह ऑल्ट-जीआर-४ने उमटतं. एखाद्या ॲपने कंट्रोल-ऑल्ट-४ स्वतःच्या आज्ञेला जोडलं की त्या खिडकीत रुपयाचं चिन्ह उमटत नाही. कंट्रोल-ऑल्टच्या जोड्या ॲपने घेऊ नयेत, असं मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनात याच कारणासाठी म्हटलं आहे.